मन्मथअप्पांचा कडता

ये, अशी जवळ येऊन बस. खुर्ची राहू दे, इथं सतरंजीवरच बस. आणि आता खरं सांग, दिवाण घेताना खोली मोजली होतीस का? नाहीच ना! फोनवर चित्र बघितलं, बोट दाबलं, आणि आता तो दिवाण जिन्याच्या वळणावर उभा. वर जाईना, खाली येईना, आणि वरच्या मजल्यावरची माणसं पोट आत घेऊन जाऊन राहिलीत त्याच्या बाजूनं. शिकलेली म्हणायची तुम्ही!

जाऊ दे, बोलत नाही तुला. त्यापेक्षा एका माणसाचं सांगते. ह्या माणसानं एकच खोली सात वेळा मोजली, आणि त्या मोजणीत मला दीड तास कपाट केलं होतं.

हसू नको. कपाटच. पाठ भिंतीला लावून, हात अंगाशी घेऊन, हलायचं नाही, बोलायचं नाही. मध्येच तो म्हणायचा, "अक्का, दार उघडा," की मी उजवा हात बाजूला फिरवायचा.

हे मन्मथअप्पा. उदगीरचे. माझे कोण लागतात म्हणशील, तर कुणीच नाही. आमच्या भाडेकरूचे सासरे. तेही तेव्हा व्हायचेच होते.

तेव्हा लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं कारकून आले, आणि कारकुनांमागं खोल्यांची शोधाशोध आली. ज्याच्याकडं म्हशीचा गोठा होता त्यानं गोठ्याला गिलावा करून भाड्यानं दिला. त्यात पाऊस दोन वर्षं सारखा हुलकावण्या देत होता. गावात माणसं वाढत चालली आणि पाणी कमी होत चाललं. नळ आठ-आठ दिवस कोरडे, टँकर आला की बायका हातातली भाकरी टाकून पळायच्या.

आमच्या अंगणात एक सुटी खोली होती. शहाबादी फरशी, एक खिडकी, एक कोनाडा. ती आम्ही सुभाष नावाच्या कारकुनाला दिली. मुलगा शांत आणि ताडमाड उंच. दारातून येताना आधी त्याची मान यायची, मग तो. त्याचं लग्न उदगीरच्या महानंदाशी ठरलं, आणि त्यानंतर चारच दिवसांनी सकाळी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली.

दारात पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आणि खांद्यावर पंच्याच्या जागी सुतळीचं वेटोळं.

"अक्का, मी महानंदाचा बाप. खोली मोजायला आलो."

"या ना, बसा. चहा टाकते."

"बसल्यावर माप चुकतं," ते म्हणाले, आणि चप्पल काढून सरळ खोलीत.

लेकीला पलंग आणि कपाट द्यायचं होतं. एकुलती एक लेक. बायको जाऊन आठेक वर्षं झालेली. पोरीला यांनीच वाढवलं, तिची वेणीसुद्धा हेच घालायचे. आता ती लातूरला आली की उदगीरच्या घरात हे एकटेच. त्याबद्दल मात्र एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचे ते कपाटाबद्दल.

अप्पांचा धंदा मापाड्याचा. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापं टाकण्यात उभी हयात गेली. मोंढ्यात पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. शुभ असतं म्हणून. अप्पा आमची भिंतसुद्धा तशीच मोजायचे. कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवायचे आणि मोंढ्यात असल्यासारखं लांब सुरात म्हणायचे, "लाभ… लाऽभ… दोन… दोनच दोन… तीन…" हाताने मोजून झालं की सुतळीने. सुतळीने झालं की वितीने. तिन्हींचा मेळ बसला नाही की पुन्हा "लाभ".

एकदा मोजून माणूस थांबेल ना? दुसऱ्यांदा आले ते दार मोजायला. तिसऱ्यांदा रस्त्यापासून दारापर्यंतचा बोळ मोजायला. खोलीत मावेल, पण बोळातून वळलंच नाही तर? चौथ्यांदा पुन्हा खोलीच. म्हणाले, "अक्का, परवा मोजली तवा सकाळ हुती. दुपारी ऊन लागून भित फुगत असंल तर?"

आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "अप्पा, उन्हाने भिंत फुगते, पण ती केसाएवढी. कपाटाला त्याचं काही होत नाही."

"सर, तुमचं पुस्तकातलं हाय," अप्पा म्हणाले. "आमचं कपाट सागवानाचं हाय."

प्रत्येक वेळी उदगीरहून एस.टी.ने यायचं, उभ्या उभ्या. बसलं तर सुतळीवरच्या मापाच्या गाठी दबतात म्हणे. चेहरा असा, की जणू कुणाला दवाखान्यात ठेवून आलाय. मोजताना कपाळावर घाम, ओठ सारखे हलत. माप बरोबर आलं तरी खूश नाही. "बरोबर आलंय म्हणजे कुटंतरी चुकलंय," असं म्हणून परत सुरू.

पाचव्या खेपेला कपाटाचं प्रकरण झालं.

"अक्का, तकलीफ देतो. जरा कपाट व्हा."

"काय होऊ?"

"कपाट. हितं, भितीला लागून. आन् सर, तुमी पलंग."

आमचे हे तेव्हा पन्नाशीला आलेले. शाळेत पोरं त्यांच्या सावलीला घाबरायची. त्यांनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला आणि निमूट फरशीवर आडवे झाले.

"पाय आखडू नगा, सर. पलंग पाय आखडत न्हाई."

"फरशी गार आहे हो."

"पलंग बोलत बी न्हाई. अक्का, दार उघडा."

मी हात फिरवला तो थेट यांच्या नाकाला लागला. अप्पांनी कपाळाला हात मारून घेतला. "बगा! बगा! दार पलंगाला धडकतंय. मी न्हाई आलो असतो तर?" मग मला एक वीत सरकवलं, यांना अर्धा हात फिरवलं. पुन्हा दार उघडा. पुन्हा लाभ. असं दीड तास.

तेवढ्यात सुभाष कचेरीतून आला. बिचाऱ्याने दारात मान घातली, तर घरमालक त्याच्या खोलीत आडवे, घरमालकीण भिंतीला चिकटलेली, आणि होणारे सासरे घरमालकांच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी लावून बसलेले. आत येऊन दाराच्या डाव्या अंगाला गुपचूप उभा राहिला.

"तितं नगं! जावईबापू, तितं नगा उभं ऱ्हाऊ!" अप्पा असे ओरडले की मी कपाट असून दचकले. "ती जागा धरलेली हाय."

"कशासाठी?" सुभाष दोन पावलं मागं झाला.

"कडता हाय तो."

कडता म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं. मोंढ्यात माल आला की त्यात माती, खडा, ओल असणारच, म्हणून वजनातून थोडं वजा धरतात. तो कडता. शेतकऱ्याला तो शब्द ऐकला तरी तिडीक येते. पण अप्पांची हयात त्यात गेलेली, त्यांना कडत्याशिवाय माप पुरं वाटायचं नाही.

आमचे हे पलंगावरून, म्हणजे पलंग असतानाच, म्हणाले, "अहो अप्पा, खोलीला कसला आलाय कडता?"

"सर, माप म्हणलं की कडता आलाच. धरावं लागतंय."

कपाटाची एक वीत त्यांनी कमी केली. पलंगाचीही केली. शेगडीची जागा भिंतीकडं सरकवली. सगळीकडून काढलेली जागा दाराच्या डाव्या अंगाला जमा झाली, आणि तिथं कुणाला पाय ठेवू देईनात. आम्हाला वाटलं, म्हातारा जरा चक्रमच.

सहाव्या खेपेला मी त्यांना जबरदस्तीने बसवलं. टँकर यायचा होता, आम्ही दोघं ओसरीवर घागरी मांडून वाट बघत होतो. मी सहज म्हटलं, "अप्पा, एवढी फिकीर कशाला करता? नाही मावलं तर बदलून घेऊ."

त्यांनी समोरची घागर उगाचच सरळ केली. मग म्हणाले, "अक्का, माझ्या लग्नात सासऱ्यानं कपाट दिलं हुतं. लई नामी. आमच्या दारातनं आत जाईना. उभं न्हाई, आडवं न्हाई. मग अंगणातच ठिवलं, छपराखाली. माझी आई म्हणली, 'सुनेच्या बापाला आमचं दार ठाऊक न्हाई.' एवढंच म्हणली. पर रोज म्हणली. पावणा आला की म्हणली. माझी बायकू चौदा वर्षं अंगणातनं लुगडं आणून आत नेसली. पावसात डोस्क्यावर पोतं घिऊन जायची."

"आणि तुम्ही?"

"मी मापाडी, अक्का. अख्ख्या मोंढ्याचं मोजायचो. सासऱ्याला एक कारड टाकून दाराचं माप कळवावं, हे सुचलं न्हाई. आन् आईला गप बस म्हणावं, हे सुचलं, पर म्हणलो न्हाई." धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसलं. "माझ्या पोरीला तसं एक वाक्य ऐकाया लागू नये. बास."

मग मी कधी हसले नाही बघ त्यांच्या सुतळीला. सातव्या खेपेला न सांगता कपाट होऊन उभी राहिले.

आणि एवढं सगळं करून चुकलंच! कपाट नव्हे, पलंग. झालं असं, की उदगीरचा सुतार मोंढ्याच्या कडेलाच बसायचा. अप्पांनी त्याला कडता धरून माप दिलं. सुतारही मोंढ्यातलाच. त्यानं विचार केला, अप्पांसारखा सरळ माणूस, यानं कडता धरलाच नसणार. म्हणून त्यानं आपल्या मनाने पुन्हा धरला. दोनदा कडता धरलेला पलंग लग्नानंतर लातूरला आला. बोळातून अलगद वळला, दारातून हसत आत गेला, आणि सुभाष त्यावर आडवा झाला तर त्याचे पाय घोट्यापासून बाहेर.

नेमकी सुभाषची आई मुदखेडहून आलेली होती. बाई वाईट नव्हती, पण नजर अशी की भाकरीचा करपलेला ठिपका तिला ताटाच्या खालून दिसावा. तिने पलंग बघितला, पाय बघितले.

"व्याहीबुवा, पलंग आखूड दिसतोय."

महानंदा पदराचं टोक पिळत उभी. अप्पांनी सुतळी काढून पलंगाला लावली आणि गाठी पुन्हा मोजायला लागले.

सुभाष पडल्या पडल्याच म्हणाला, "आई, मला पाय बाहेर काढून झोपायची सवय आहे. तुला माहीत नाही का? झाकले की मला गुदमरतं."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

"मी आई आहे तुझी. मला बरं नाही कधी दिसलं?"

"तू पांघरूण घालून जायचीस ना. तू गेलीस की काढायचो."

विहीणबाई आपली पिशवी आवरायला वळल्या. अप्पा जावयाच्या त्या उघड्या पायांकडं बघत राहिले, देवाकडं बघावं तसे. जाताना बोळात मला म्हणाले, "अक्का, हे पोरगं बोललं." बस, एवढंच. आणि गेले.

आता माझी चूक सांगते, कारण सगळी चूक त्या म्हाताऱ्याची नव्हती. लग्नात महानंदाला आहेर म्हणून मी पितळेचा डबा द्यायचं ठरवलं होतं. पण त्या साली लातुरात पितळेला कोण विचारतंय? मी पाण्याचा ड्रम दिला. मोठा, झाकणाचा. आहेरात ड्रम आलेला बघून मांडवातल्या बायकांनी माना वळवून वळवून बघितला, हेव्याने. अप्पा उदगीरला गेल्यावर महानंदाने विचारलं, "काकू, ठेवू कुठं?" टँकरची नळी दारापर्यंतच यायची. मी म्हटलं, "हे काय, दाराच्या डाव्या अंगाला. मोकळंच आहे की."

महिनाभराने अप्पा आले. हातात लेकीसाठी भुईमुगाच्या शेंगा, काखेत सुतळीने बांधलेली एक लांब गुंडाळी. दारात आले आणि उंबऱ्यावरच थबकले. ड्रमकडं बघितलं. मग खांद्यावरची सुतळी काढून ड्रमभोवती फिरवली, गाठी मोजल्या.

महानंदा म्हणाली, "अप्पा, काकूंनी दिला. आता चार दिवस तरी फिकीर नाही."

"चांगला हाय," अप्पा म्हणाले. "पाणी लागतंच. पाण्याला जागा पायजेच."

कपाटाचं दार दोनदा उघडून बघितलं. पलंगाच्या कडेला टेकले, लगेच उठले. गुंडाळी काखेतली काढलीच नाही. चारच्या एस.टी.ने परत.

मग येणंच बंद. दोन महिने झाले, तीन होत आले. कार्डं यायची. "कपाटाचे दार पूर्ण उघडते काय? कळविणे." "पलंग कुरकुरतो काय? कळविणे." महानंदा खुशाली लिहायची, बोलवायची, की उलट कार्ड, "उडदाचा हंगाम आहे, सवड नाही." त्या दुष्काळात कुठला उडीद आणि कुठला हंगाम! महानंदाला अन्न जाईना. अप्पा आजारी आहेत, लपवून राहिलेत, असं तिच्या डोक्यात बसलं. की माझं काही चुकलं, काकू? की विहीणबाईंचं लागलं? मलाही घोर. रोज टपालवाल्याची सायकल वाजली की आम्ही दोघी दारात.

एका दुपारी ती माझ्यापाशी येऊन रडायलाच बसली. तिला समजवता समजवता मी हसवावं म्हणून कपाटाचं सगळं सांगितलं. सरांचा पलंग कसा झाला, सुभाष दारात कसा घाबरला. आणि म्हटलं, "डाव्या अंगाला तर कुणाला उभं राहू देईनात तुझे अप्पा. कडता आहे म्हणायचे."

ती रडायची थांबली. "डाव्या अंगाला? जिथं ड्रम आहे?"

"हाव. आणि शेवटचे आले तेव्हा काखेत ती गुंडाळी कसली होती गं? सोडलीच नाही त्यांनी."

ती उठली, खोलीत गेली. मीही मागं गेले. ड्रमच्या कडेकडेने फरशीवर वाकली आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत मोजायला लागली. बापाच्याच सुरात, "लाभ… दोन… तीन… चार." मग आडवं मोजलं, दीड हात. आणि तशीच फरशीवर बसून राहिली.

"काकू, ही अप्पांच्या सतरंजीची जागा आहे. दर दिवाळीला मीच धुते ती. चार हात लांब, दीड हात रुंद."

आमच्याकडं त्या काळी बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नसे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत जुनी माणसं तिच्या घरचं पाणीही घ्यायला कचरत. मग तोंडाने मागायचं कसं? त्यांनी मागितलंच नाही. सगळ्यांकडून वीत-वीत काढून, कपाट लहान करून, जावयाचे पाय बाहेर ठेवून, दाराशी, जिथं कुणाला अडचण होणार नाही, तिथं आपल्यापुरतं धरून ठेवलं. आणि त्याच्यावर मी ड्रम ठेवला.

ड्रम भरलेला. कालच टँकर येऊन गेलेला. ओतून देणं तर सोडच, त्या साली कुणी चूळ भरून टाकायचं नाही. दोघींनी पदर खोचले. तांब्याने, घागरीने, कळशीने ते सगळं पाणी माझ्या ओसरीवर आणलं. माझी भांडी संपली तेव्हा यांची शाळेची बादलीसुद्धा घेतली. हे घरी आले, बघितलं. शर्टाच्या बाह्या वर करून रिकामा ड्रम त्यांनीच गडगडत आणला आणि ओसरीवर उभा केला. पाणी परत त्यात भरेपर्यंत ऊन उतरलं.

मग महानंदा कार्ड घेऊन बसली, पण तिच्याने लिहवेना, शाई फुटायला लागली. म्हणाली, "काकू, तुम्हीच लिहा." मी लिहिलं ते असं:

"मन्मथअप्पांना नमस्कार. कपाटाचं दार पूर्ण उघडतं. पलंग कुरकुरत नाही, जावई पाय बाहेर काढून सुखाने झोपतात. ड्रम मी माझ्या ओसरीवर आणला आहे. त्यातलं पाणी आता माझं, ते लेकीच्या घरचं म्हणता येणार नाही, बिनघोर प्या. दाराच्या डाव्या अंगाची जागा महानंदाने स्वतः मोजली, बरोबर भरली. येताना गुंडाळी विसरू नका. चारची गाडी मिळणार नाही, मुक्कामच करावा लागेल. उडीद राहू द्या. लवकर या."